दिवस जाण्याआधीचे दिवस

कापसाची वेचणी नुकतीच सुरू झाली होती. दुपारी आरोग्य उपकेंद्रात एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरात पाळणा हललेला नाही. सून भिंतीला टेकून उभी होती, बोलत होती ती सासूच. पदराच्या गाठीतून तिनं एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत करडी भुकटी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला एक जण बसतो, त्याच्याकडून आणलेली. पंधरा दिवसांचे अठराशे रुपये.

"बाई, हे देऊ का इले? नैसर्गिक हाय म्हने तो. काही अपाय नाही होत म्हने."

मी विचारलं, "पोरगा कुठं असतो?"

"पुन्याले, कंपनीत. पोयाले आला होता, आता दिवाईले येईन."

मी पुडी बाजूला सारली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. पोळ्याचे चार दिवस, दिवाळीचे पाच, मधे कुणाचं लग्न निघालं तर आणखी दोन. वर्षभरात हे नवरा-बायको जेमतेम दहा-अकरा दिवस एकत्र राहतात, आणि गावभर चर्चा चालते ती सुनेच्या कुशीची.

बावीस वर्षं झाली, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत आरोग्यसेविका म्हणून फिरते. औषधाशिवाय, घरच्या घरी काही करता येईल का, हे विचारणाऱ्या बाया दर महिन्याला येतात. करता येतं, पुष्कळ करता येतं. पण ते पुडीत मिळत नाही. आपल्या शरीराचे दिवस ओळखायचे आणि वाटेतले अडथळे काढायचे, एवढंच ते आहे. आणि ते दोघांनी करायचं असतं.

आधी दिवसांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे.

बाईच्या अंडाशयातून महिन्यात एकदा बीज सुटतं. सुटल्यावर ते १२ ते २४ तास जगतं, त्यापुढं नाही. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात, वातावरण अनुकूल असेल तर, ५ दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे बीज सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भ राहण्याचे. त्यातही बीज सुटण्याआधीचे दोन दिवस सगळ्यात भरवशाचे. बीज सुटण्याची वाट पाहण्यापेक्षा शुक्राणू आधीच जाऊन थांबलेले बरे.

आपल्याकडे पेरणीला वाफसा लागतो, हे लहान पोरालाही कळतं. चिखलात पेरलं तर बियाणं सडतं, कोरड्यात पेरलं तर तसंच पडून राहतं. या सहा दिवसांना मी वाफसा म्हणते, म्हणजे बायांना चटकन उमजतं. पण बाई म्हणजे शेत आणि पुरुष बी टाकणारा, ही जुनी उपमा मला मान्य नाही. तिच्यात दोष लागतो तो नेहमी शेतालाच. बी दोघांचंही असतं, अर्धं अर्धं.

आता हे सहा दिवस येतात कधी? पाळी गेली, डोक्यावरून पाणी घेतलं की लगेचचेच दिवस चांगले, असं आपल्याकडे पुष्कळ जणी मानतात. ज्यांची पाळी २८ दिवसांची आहे त्यांच्यासाठी ते आठ-दहा दिवस लवकर होतं. बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी, असं धरू नका. फरक किरकोळ वाटतो, पण सगळं गणित त्यावरच आहे. रक्त दिसलं तो पहिला दिवस धरून मोजलं तर २८ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं. ३५ दिवसांची पाळी असेल तर एकविसाव्या दिवशी, आणि २४ दिवसांची असेल तर दहाव्याच दिवशी. पस्तीस दिवसांची पाळी असलेली बाई चौदाव्या दिवसाच्या भरवशावर बसली, तर वर्षभर चुकीच्या दिवशीच बसते.

पाळी दर महिन्याला मागेपुढे होत असेल तर निदान सहा महिने कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करा. सगळ्यात कमी दिवसांच्या पाळीतून १८ वजा करा, सगळ्यात जास्त दिवसांच्या पाळीतून ११. समजा सगळ्यात लहान पाळी २६ दिवसांची आणि सगळ्यात मोठी ३१ दिवसांची आली. २६ मधून १८ गेले, उरले ८. ३१ मधून ११ गेले, उरले २०. तर आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंतचे दिवस तुमचे, ते सहा दिवस यातच कुठं तरी येतात.

कॅलेंडरपेक्षाही चांगली खूण शरीर स्वतःच देतं, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकदा मी एका बाईच्या घरी गेले तेव्हा ती पावशीवर भेंडी चिरत होती. तिला म्हटलं, एक भेंडी दोन बोटांत धरून उघड बरं. बोटांच्या मधे पारदर्शक तार आली, ताणली तरी तुटेना. बीज सुटायचे दिवस जवळ आले की बाईच्या अंगावरून अगदी असाच स्राव जातो. पातळ, काचेसारखा, बोटांत धरला तर तार येणारा, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. एरवी तो घट्ट, पांढुरका किंवा जवळपास नसतोच. ही तार म्हणजे शुक्राणूंना वर जायची वाट मोकळी झाली. ती बाई कितीतरी वेळ भेंडीकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, मले वाटे मले रोग हाय. मी तं त्या दिवसांत त्याईले जवळच येऊ देत नव्हती." दोन वर्षं ती आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत घाबरून दूर झोपत होती.

मात्र स्रावाला घाण वास येत असेल, तो दह्यासारखा फुटलेला, पिवळा-हिरवा असेल, खाज-आग होत असेल, तर तो आजार आहे. त्याचं पुढं सांगते.

या दिवसांत एक दिवसाआड संबंध आले तरी पुरतं, रोज आले तरी बिघडत नाही. "ताकद साठवायची" म्हणून दहा-दहा दिवस लांब राहणारे पुरुष मी पाहिलेत. त्यानं उलटच होतं, साठलेले शुक्राणू म्हातारे आणि मंद होतात. नंतर पाय भिंतीला लावून पडून राहायचं, कूस अमुकच वळवायची, याची काही गरज नाही. तेल किंवा थुंकी वापरू नका, त्यानं शुक्राणूंची चाल मंदावते.

हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडे शेतीच्या विजेची लाईन आठवड्यातून कितीदा तरी रात्रीचीच असते. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला नवरा रात्री अकराला बॅटरी घेऊन निघतो तो पहाटे येतो. घर दोन खोल्यांचं, एका खोलीत सासू-सासरे आणि नणंद, मधे लुगड्याचा पडदा. कुणी मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं, कुणी वीटभट्टीवर. अशा वेळी सासूबाईंना मी सरळ सांगते, महिन्यातले सहा दिवस पोराला ओलिताला धाडू नका, सासऱ्यांना धाडा. आणि पोरगं बाहेरगावी असेल तर सुनेला त्याच्याकडे पाठवा. ओशाळतात, पण ऐकतात. नातू हवा तर एवढं करावंच लागेल.

घाईसुद्धा करू नका. सगळं नीट असलेल्या, तिशीच्या आतल्या जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात किंवा पाचात एक एवढीच असते. वर्षभरात शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांना राहतात. तिसऱ्या महिन्यातच "काही आहे का नाही" विचारणाऱ्या शेजारणीनं हा आकडा लक्षात ठेवावा.

आता पुरुषांकडे वळते. मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काहीतरी कमी असतं, कधी एकट्या पुरुषाकडे, कधी दोघांकडे. तरी माझ्याकडे जी फाइल येते ती बाईची. सोनोग्राफी तीनदा, रक्त पाचदा, पिशवी दोनदा साफ केलेली. आणि नवऱ्याची वीर्याची तपासणी, जी सगळ्यात स्वस्त आणि विनात्रासाची, ती एकदाही नाही. "मले काय झालं? मी तं धडधाकट हाय." अंगात ताकद असणं, संबंध व्यवस्थित होणं आणि वीर्यात पुरेसे चालते शुक्राणू असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून काही कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

आमच्या भागात या तपासणीला सगळ्यात जास्त बिघडवणारी गोष्ट प्रत्येक चौकात मिळते. खर्रा. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना पन्नीत टाकून हातानं घोट घोट घोटतात, चुना आणि घर्षणानं ती गरम होते, वास सुटतो, आणि पुडी बांधून खिशात. बारा-चौदा वर्षांची पोरं सुरुवात करतात आणि पंचविशीत दिवसाला आठ-दहा पुड्यांवर पोचतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र समोर घोटून मिळतो. यानं तोंडाचा कर्करोग होतो हे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे. पण तंबाखू चघळणाऱ्या आपल्याच देशातल्या पुरुषांची तपासणी झाली तेव्हा, चघळणं जितकं जास्त तितकी शुक्राणूंची संख्या आणि चाल कमी, असंच दिसलं. हे मी पानठेल्यावर जाऊन सांगते. कर्करोगाचं ऐकून जे हसतात, ते हे ऐकून गप्प होतात. मिसरी, गुडाखू लावणाऱ्या बायांनाही तेच सांगणं आहे, तंबाखू बीजालाही सोडत नाही. दारूचंही तसंच, रोजची असेल तर संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, बिघडतात.

चांगली बातमी अशी की पुरुषाचं शरीर रोज नवे शुक्राणू घडवतं. एक शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, पुढं पक्का होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे सोयाबीन पेरल्यापासून कापणीला येईपर्यंत जेवढा काळ जातो, जवळजवळ तेवढाच. आज खर्रा सोडला तर त्याचा फायदा तीन महिन्यांनी दिसेल. आठ दिवस सोडून "काही फरक पडला नाही" म्हणणं म्हणजे पेरल्याच्या आठव्या दिवशी शेंगा शोधणं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने तपासणी वाईट येऊ शकते. घाबरू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा.

उष्णतेचं कारणही इथंच आहे. अंडकोष शरीराच्या बाहेर लटकतात ते उगाच नाही. शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. त्यात घट्ट जीन्स, ट्रॅक्टरच्या तापलेल्या सीटवर दिवसभर बसणं, भट्टीसमोर काम. सुती, सैल कपडे घाला, मधेमधे उतरून सावलीत चाला, रात्री सैल लुंगीत झोपा. पैसे न लागणारा उपाय आहे.

फवारणीचं थोडं जास्त सांगते, कारण ते आमचं दुखणं आहे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते गाव विसरलेलं नाही. जी विषबाधा लगेच दिसत नाही तिचा परिणाम मात्र कुणी मोजत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून निघालं की कुणालाच मूल होत नाहीये. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते सूत्रकृमी मारायचं डीबीसीपी नावाचं औषध बनवत होते. सगळीच कीटकनाशकं इतकी जहाल नसतात, पण बरीच संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. म्हणून मूल हवं असलेल्या वर्षात तरी उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे. औषध हातानं ढवळू नका, लांब काठीनं ढवळा. घरी आलात की आधी आंघोळ आणि कपडे वेगळे धुवा. ते कपडे धुते कोण? बायकोच. तिलाही हातमोजे द्या.

आणि तालुक्याच्या जिममध्ये दंड फुगवायला सुया घेणाऱ्या पोरांनो, त्यातलं टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं. दंड दिसतात, तपासणीत शून्य येतं.

बाईच्या बाजूला पहिली अडचण ताटातच असते. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. आमच्याकडे सून सगळ्यात शेवटी जेवते, उरलंसुरलं. सकाळी निंदायला जाताना भाकर आणि ठेचा, वर काळा चहा. वजन फार कमी झालं की शरीर बीज सोडणंच बंद करतं, स्वतःलाच पुरत नाही तर दुसऱ्या जिवाला काय देणार. महागडी पावडर नको. तुरीचं वरण घट्ट, अंडी परवडत असतील तर रोज एक, शेंगदाणे, जवसाची चटणी, दही. अंबाडी, तरोटा, शेवग्याच्या पानांची भाजी. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबट सोबत लागतं, म्हणून वर लिंबू पिळा, संत्र्याच्या दिवसात संत्रं खा, आवळा खा. चहा जेवणाला लागून घेऊ नका, तो लोह अडवतो. मधे दीड-दोन तास जाऊ द्या. वनस्पती तुपातलं तळण कमी करा.

उलट वजन जास्त, पाळी दोन-दोन महिने लांबलेली, हनुवटीवर केस, असं असेल तर बहुतेक वेळा ते असतं ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात. त्यात वजन शंभराला पाच-दहा किलो या हिशेबानं उतरलं, म्हणजे सत्तर किलोच्या बाईचं साडेतीन ते सात किलो, तर पुष्कळ जणींची पाळी आपोआप रुळावर येते. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या. ते बिघडलं असेल तर जेवण सुधारून भागत नाही, गोळी लागते.

फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून होतो ती नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोपर्यंत बऱ्याच बायांना दिवस राहिलेत हेसुद्धा कळलेलं नसतं. आशाताईला विचारा.

अंगावरून पांढरं जाण्याचं मघाशी सोडलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तपासणी करून घेतलेल्या फक्त ८ टक्के. साऱ्या जगाला तेव्हा कळलं की खेड्यातली बाई हे अंगावरच काढते. यातले काही जंतू वर चढून नळ्या बंद करतात, आणि बीज-शुक्राणूंची भेट त्या नळीतच व्हायची असते. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे. एकटीनं घेतले तर नवऱ्याकडून पुन्हा तेच येतं. आणि टीबी. तो फुप्फुसाचाच असतो असं नाही, तो पिशवीला आणि नळ्यांनाही होतो, खोकल्याशिवाय, तापाशिवाय, आणि कित्येकींना तो मूल राहत नाही म्हणून तपासल्यावरच कळतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

'अंतरा'चं, म्हणजे पाळणा लांबवायचं, इंजेक्शन घेतलेल्या बाया घाबरून येतात की आता पुन्हा राहणारच नाही. राहतं. शेवटच्या सुईपासून ७ ते १० महिने लागू शकतात एवढंच. तांबी काढली तर अशी वाट पाहावी लागत नाही.

विदर्भात आणखी एक तपासणी मी कुणालाही सोडत नाही. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून मुलांत उतरणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, सगळीकडे आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून माहीत नसतं. थेंबभर रक्तात कळतं, सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. दिवस राहायच्या आधी करा.

किती वाट पाहायची? एक वर्ष. बाईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिने. पाळीच येत नसेल, पाळीत लोळण्याइतकं दुखत असेल, पुरुषाला मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील किंवा लहानपणी अंडकोष खाली उतरला नसेल, तर थांबू नका. यवतमाळ, अकोला, नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. दोघांनी एकाच एसटीनं जा. वीर्याच्या तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. कारण न सांगता पुन्हा पुन्हा पिशवी साफ करू म्हणत असतील तर कारण विचारा, त्यानं आतलं अस्तर चिकटूही शकतं.

त्या सासूची पुडी मी परत केली नाही. नाव नसलेल्या, भस्म म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा भुकट्यांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि दोन्ही गर्भाला आणि शुक्राणूंना घातक. तिला वाईट वाटलं, अठराशे रुपये होते. मी तिच्याजवळ बसून सुनेची पाळी मोजली. बत्तीस दिवसांची निघाली, नेमाची. दिवाळीला पोरगा येणार होता ते पाचही दिवस पाळीतच जात होते. पोळ्याचे मोजून पाहिले, तेही तसेच.

दिवाळीत तो आला तेव्हा आशाताईच्या ओट्यावर आम्ही बोललो. सुरुवातीला खाली बघत होता, खिशातली पन्नी हातानं दाबत. मग त्यानं मोबाइलमध्ये स्वतःच तारखा टाकल्या. दिवाळीनंतर सून त्याच्याबरोबर पुण्याला गेली, सासूनं स्वतः गाडीत बसवून दिलं. फोलिकची पाकिटं मी दिलीत, सिकलसेल दोघांचाही नाही निघाला. त्याची पहिली तपासणी झाली, एका मिलिलीटरमध्ये १ कोटी १० लाख शुक्राणू आले, असायला हवेत १ कोटी ६० लाखांच्या पुढं. खर्रा दहावरून दोनवर आलाय, असं तो फोनवर सांगतो. दुसरी तपासणी फेब्रुवारीत आहे.